आपण आधीच आत आहात

मेलेल्या माणसाला लग्नाचं आमंत्रण जाऊ नये, अशी तरतूद माझ्या प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात आता वेगळंच बोलतात. मुरबाडच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत लोकांना काहीतरी विषय लागतो आणि सध्या तो विषय मी आहे. गावाचं नाव सांगणार नाही. म्हशाच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. गावातले लोक वाचतात आणि मग वाटेत गाठतात.

माझी बहीण पूजा हिचं लग्न ठरलं. आमचे वडील काळूराम पष्टे दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा कन्यादानाला कोण बसणार हा प्रश्न होता. पूजाने तो स्वतःच सोडवला. "कुंडलिककाका बसला तरच लग्न घरी. नाहीतर मी कल्याणला जाऊन रजिस्टर करते," असं तिने आईला सांगितलं आणि ती ड्युटीवर निघून गेली. ती नर्स आहे. एकदा बोललेलं औषध बदलत नाही.

कुंडलिककाका म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. तो आमच्या घराचा उंबरा ओलांडत नव्हता, आणि कारण विचाराल तर हसू येईल. आमच्याकडे पंगतीला नाव घेऊन हाक मारल्याशिवाय माणूस बसत नाही. घरचा असो, सख्खा असो, हाक लागते. वडिलांच्या दहाव्याला पंगत बसली तेव्हा काका खळ्यात उभा होता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने हाक मारली. पंगत उठली. काका तसाच पायात चपला घालून ओहोळापलीकडच्या आपल्या घरी गेला आणि त्यानंतर आमच्याकडे आला नाही. काकी मात्र मागच्या दाराने रोज यायची, कारण रुसवा हे खातं तिने पूर्णपणे काकाकडे सोपवलेलं होतं.

मी मनधरणी करायला गेलो तेव्हा काका ओटीवर दोरी वळत बसला होता. "येगळं बोलावणं नको मला," तो म्हणाला. "समद्या गावाला जसं जाईल, तसंच मला येऊ दे. नाव घेऊन. आलं तर येईन. नाय आलं तर समजेन मी मोजदादीत नाय."

"काका, या वेळी मशीन बोलावणार आहे," मी छाती फुगवून म्हणालो. "मशीन कोणाला विसरत नाही."

त्या वाक्याची आठवण झाली की अजून माझ्या मानेवर गार वारा लागतो.

आता थोडं माझ्याविषयी. मी अनंता काळूराम पष्टे. राहतो वाशिंदला, नव्या बिल्डिंगमध्ये, आणि एका कंपनीसाठी जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. माझ्या कामात जेनेरिक्स म्हणून एक प्रकार आहे. समजायला अवघड नाही. आईच्या मांडणीवर डबे असतात. डब्यावर 'साबुदाणा' लिहिलेलं असतं आणि आत खिळे, सुतळी आणि कोणाच्या तरी घड्याळाचा पट्टा. घालताना डबा काही बोलत नाही. उपवासाच्या दिवशी हात घातला की कळतं. जुन्या काळी प्रोग्राममधल्या याद्याही अशाच होत्या. काहीही घाला, मुकाट घेणार, आणि चूक कळणार ती काढताना. जेनेरिक्स आल्यापासून यादीच्या नावापुढे टोकदार कंस काढायचा आणि त्यात लिहायचं की इथे फक्त अमुक जातीची वस्तू. दुसरं काही घालू गेलात की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासणारा जो कारकून असतो, तो दारातच अडवतो. मी कंसात लिहिलं, 'पाहुणा'. आणि पाहुण्याला मोबाइल नंबर असलाच पाहिजे असं ठरवलं. मोबाइल नसलेला माणूस आजकाल फक्त स्मशानात सापडतो. सांगितलं ना, तरतूद होती.

प्रोग्राम काय करणार होता? प्रत्येकाला नाव घालून मेसेज पाठवणार, बस्. पण मी ही गोष्ट बिल्डिंगच्या गच्चीत शामला सांगितली. शाम माझा शेजारी, पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा धंदा करतो, आणि त्यामुळे त्याचा बराचसा वेळ उंचावर आणि विचारात जातो. "नुसता मेसेज? पाहुणा कमानीत आला की मशीनने नाव घेऊन स्वागत केलं पाहिजे. स्पीकरवरून," तो म्हणाला. मला ते पटलं. मग जो दोनदा येईल त्याचं काय, असं त्याने विचारलं. दोनदा कोण येईल? "जेवायला येतात ना," शाम म्हणाला. म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं. नावापुढे 'आले' अशी नोंद आधीच असेल तर मशीनने म्हणायचं, 'आपण आधीच आत आहात.' बाईचा आवाज निवडला. जरा थंड होता, पण स्पष्ट होता.

मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने मला एक फॉर्म भरायला लावला. मजकूर जाहिरात आहे की सेवा, असं त्यात विचारलं होतं. मी 'लग्न' लिहिलं, तर तो परत आला. 'सेवा' लिहिलं, तर कोणती सेवा असा खुलासा मागितला. 'कन्यादान' लिहिलं, तर तो दानधर्माच्या विभागाकडे गेला आणि तिथून माझ्याकडे नोंदणीकृत संस्थेचा दाखला मागण्यात आला. शेवटी एका बाईने फोनवर सांगितलं की 'इतर' लिहा. इतर लिहिल्याबरोबर मंजूर झालं. शेवटचा प्रश्न होता, 'सर्व प्राप्तकर्त्यांची संमती आहे काय?' मी 'हो'वर टिचकी मारत होतो, तेवढ्यात गावच्या घरी माझ्या मागे उभी असलेली रंभाआत्या म्हणाली, "संमती काय इचारतो? ते कवापासून वाट बघतायत."

"कोण ते?" मी विचारलं.

रंभाआत्या ही वडिलांची धाकटी बहीण. ती धवलारीण आहे. आमच्याकडे भटजीच्या आधी लग्न धवलारीण लावते. ती गाणं म्हणून एकेकाला मांडवात बोलावते. गावदेवी, वाघोबा, विहीर, उखळ आणि घरातले सगळे गेलेले, ओळीने, नाव घेऊन. ते आधी. जिवंत माणसं मागून. आत्या माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "लिही. आधी गावदेवी."

"आत्ये, त्यांना मोबाइल नसतो गो."

"तुझ्या मशीनीत जागा नाय काय?"

मी घालून दाखवलं. कंपायलरने लाल रेघ मारली. 'गावदेवी ही पाहुणा नाही.' आत्याने ती रेघ वाचली नाही, तिला वाचता येत नाही, पण रंग कळला. ती उठली आणि माजघरात जाऊन पूजाला म्हणाली की यंदा घरात लग्न होईल, पण ते कोणाच्या साक्षीनं होईल ते मला सांगता येणार नाय. आईने माझ्याकडे पाहिलं. मी कंसातला 'पाहुणा' खोडला आणि त्याजागी 'आमंत्रित' लिहिलं. आमंत्रितचे दोन प्रकार केले, पाहुणा आणि पितर. पितराला मोबाइलची अट नाही. काम सुबक झालं होतं. कंपनीत असं काम केलं असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

आत्याने नावं सांगितली, मी लिहिली. ती गात गात सांगत होती आणि मधेच थांबून कान द्यायची, जणू पलीकडून कोणी काही बोलतंय. शेवटी यादी छापून पाहिली तर सगळ्या पितरांत एकटी गावदेवीच शिल्लक. बाकीचे गायब. मी जरा दचकलो, मग कारण सापडलं. एकच नाव दोनदा येऊ नये म्हणून मी साध्या यादीऐवजी सेट वापरला होता. सेट म्हणजे अशी पिशवी, की तीच वस्तू दुसऱ्यांदा घातली तर ती न बोलता बाहेर ठेवते. भांडत नाही, कळवत नाही. आणि कोण कोणासारखा हे मी मोबाइल नंबरावरून ठरवलं होतं. पितरांचे नंबर कोरे, त्यामुळे मशीनच्या मते सगळे मेलेले एकच. तात्त्विक दृष्ट्या यात तथ्य असेल, पण आत्याला कोण सांगणार. मी नियम बदलला. नाव, आडनाव आणि गाव, तिन्ही जुळली तर तोच माणूस. एका नावाचे दोन जिवंत असले तर गाव त्यातल्या एकाला लगेच टोपणनाव देतं, तेव्हा घोटाळा संभवत नव्हता. पितर सगळे नीट बसले. मग मी शांतपणे गावातल्या जिवंत माणसांची नावं त्याच पिशवीत ओतली.

आत्याने एकाचंच नाव घेतलं नाही. काळूराम. ते यायच्या आधी तिचा आवाज बसला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "तो मागनं येईल." मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर वडिलांना कोणत्या प्रकारात घालायचं हे माझ्याच्याने ठरत नव्हतं. 'पितर' लिहायला बोट उचलत नव्हतं.

मेसेज गेले. मशीनने सांगितलं, 'सर्वांना पोचले.' मी काकीला विचारलं, काका काय म्हणतोय? "गप बसलेत," ती म्हणाली. "फोन हातात घेऊन बसलेत." मला वाटलं, मेसेज पुन्हापुन्हा वाचतोय.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. दुपारी आत्याने देवकापुढे बसून सगळ्यांना मांडवात बोलावलं. एकेक नाव गायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "आला. लिही." मी नावापुढे 'आले' अशी खूण करत गेलो. कशाला वाद घालायचा. मांडवात त्या वेळी कुत्रंसुद्धा नव्हतं. जेवणं होऊन सगळे आडवे झाले होते. खुर्च्या ओळीने मांडलेल्या, पंखे बंद, आणि तरी कडेची झालर हळूहळू हलत होती.

नंतर मी ओटीवर एकटा बसून शेवटची तपासणी म्हणून सगळी यादी एकदा वाचायला लावली. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्याच्याखाली प्लग आहे म्हणून तिथे बसलो होतो. मशीन मधेच थांबलं आणि लाल अक्षरं आली. जावात अशी एक चूक असते. यादी वाचून होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. कोणी मधेच काही घातलं की मशीन वाचणं टाकून देतं. त्याने टाकून दिलं होतं. 'यादी वाचली जात असताना यादीत बदल झाला.'

यादी माझ्या मांडीवर होती. दुसरं कोणी तिला जोडलेलं नव्हतं. मी मागे पाहिलं, उगाच. आत्या कोपऱ्यात अक्षता निवडत होती.

"काय झालं रे?"

"कोणीतरी मधेच आत आलं असं म्हणतंय."

"मग आला असंल," ती मान वर न करता म्हणाली. "बस म्हण त्याला."

मी पुन्हा चालवलं. या वेळी बिनतक्रार चाललं. असं होतं कधीकधी. कंपनीतही होतं. फक्त कंपनीत मी त्यानंतर घोटभर पाणी प्यायला उठत नाही.

दिवस कलायला लागला तशी पाहुण्यांची रीघ सुरू झाली. कमानीत मामाची मुलगी प्रियांका फोन घेऊन बसली. ती नाव टाकायची आणि स्पीकरवरून तो थंड आवाज यायचा, 'या, शांताराम देसले, आपलं स्वागत आहे.' लोक खूश होते. एक म्हातारी तर नाव पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून परत मागे फिरली. तेवढ्यात धाऊ आला. धाऊ पष्टे, आमच्या भावकीतला. जन्मभर वाशिंदच्या एका कारखान्यात गेटवर बसून रिटायर झालेला माणूस. प्रियांकाने नाव टाकलं.

'धाऊ पष्टे, आपण आधीच आत आहात.'

धाऊ थांबला. दुसरा कोणी असता तर हसून आत गेला असता. पण धाऊने आयुष्यभर हेच पाहिलेलं होतं की आत गेलेला माणूस बाहेर आल्याशिवाय परत आत जात नाही.

"मी आत गेलो कवा?" त्याने विचारलं.

"मशीन बोलतंय, काका," प्रियांका म्हणाली.

"मशीन खोटं कशाला बोलंल? त्याला काय पगार वाढवून मिळतोय?" धाऊ बाजूला सरकून कमानीच्या खांबाला टेकला. "आत गेलेला आधी भाईर येऊ दे. मग मी जातो. दोघं कसं जाणार एका नावावर."

त्याच्या मागून आलेल्या ज्ञानेश्वरलाही तोच आवाज म्हणाला, 'आपण आधीच आत आहात.' त्याच्या मागच्यालाही. म्हणता म्हणता कमानीबाहेर बरीच माणसं जमली. इस्त्रीचे कपडे, हातात आहेराची पाकिटं आणि चेहरे असे की कोणीतरी आत त्यांच्या नावावर जेवतंय. आत पुढच्या खुर्च्या मोकळ्याच होत्या. एक पोरगी बसायला गेली तर तिच्या आजीने दंड धरून ओढलं. "नको बसू तिथं. कोण बसलेलं असंल."

मी फोन हिसकावून घेतला आणि धाऊचं नाव उघडलं. धाऊ पष्टे. मोबाइल कोरा. प्रकार, पितर. आले.

आमच्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. आडनाव तेच, गाव तेच. मी पितर आधी घातले होते, कारण रीतच तशी आहे. त्यामागून त्याच नावाचे जिवंत नातू आले तेव्हा पिशवीने त्यांना न बोलता बाहेर ठेवलं. भांडली नाही, कळवलं नाही. मेसेज ज्यांना जायचे त्यांनाच गेले होते, फक्त यांची नावं त्यांत नव्हतीच. तरी हे लोक गावातलं लग्न म्हणून फुगलेल्या गालांनी का होईना, आले होते. आणि एक गोष्ट जेनेरिक्स शिकवताना आम्ही कंपनीतल्या नव्या पोरांना सहज सांगतो, तिचा अर्थ मला त्या कमानीत कळला. कंसातलं नाव फक्त तपासणीपुरतं असतं. प्रोग्राम एकदा चालू झाला की ते पुसून जातं. मग डब्याला आठवत नाही की तो कोणासाठी होता. मांडव चालू झाला होता. आत कोण, बाहेर कोण, मशीनला काही देणंघेणं नव्हतं.

मग मी आणखी एक नाव टाकलं. टाकायच्या आधीच मला माहीत होतं.

'कुंडलिक पष्टे, आपण आधीच आत आहात.'

यादीतला तो कुंडलिक माझा खापरपणजोबा की पणजोबा, हे त्या क्षणी सुचेना. काकाला मेसेज गेलाच नव्हता, एवढंच सुचलं. सगळा गाव बोलावून त्या एका माणसाला मी दुसऱ्यांदा पंगतीबाहेर ठेवला होता. खोलीत पूजा शालू नेसून बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, काका आला का.

मी धावत सुटलो. नव्या झब्ब्यात, कपाळाला टिळा, खांद्यावर शेला. गुरं घरी परतत होती आणि रस्ताभर धूळ उठलेली होती, एवढी की माझं पुढचं पाऊल मला दिसत नव्हतं. ओहोळाच्या काठाला कोणीतरी समोरून आल्यासारखं वाटलं. मी बाजू दिली. कोणी गेलं नाही. नुसती धूळ.

काकाच्या घरात दिवा नव्हता. ओटीवर काका उभा होता. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, आणि पायांत चपला चढवत होता.

"काका," मी धापा टाकत म्हणालो, "चूक झाली. तुमचं नाव राहिलं. चला."

"घाई किती रे तुमची," तो म्हणाला. "येतोच हाय ना. आत्ताच काळू येऊन गेला."

मी खांब धरला. "कोण काळू?"

"किती काळू हायेत आपल्याकडं?"

काका दुसरी चप्पल शोधत वाकला आणि सावकाश सांगू लागला. "चार दिस फोन हातात घेऊन बसलो. हिकडं तिकडं समद्यांना वाजला. मला नाय. आज पाहुण्यांची जीप दारावरनं गेली, थांबली नाय. दुपारपासनं मला वाटाया लागलं, आपण गेलो की काय. कोणी बघत नाय, कोणी बोलत नाय. मांजराला हाक मारली तर तिनं पण बघितलं नाय. मग बोललो, असंल. गेलो असंल तर नुसतं बसून राह्यचं. तवा दारात काळू उभा. आत ये बोललो, तर आला नाय. तिथनंच बोलला, 'कुंडलिकदादा, चल. पोरीला उशीर होतोय.' नाव घेऊन बोलला. मंग मी टोपी घातली."

"तुम्हाला डोळा लागला असेल, काका. मीच धावत येत होतो, अंधारात मी बाबांसारखा दिसतो."

"तू मला दादा बोलतो काय?" काका म्हणाला, आणि त्याला चप्पल सापडली.

मला रडू आलं, हे सरळ सांगून टाकतो. भीतीने आलं की कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. ज्याच्या दहाव्याला याला हाक मारायची राहिली, तोच येऊन हाक मारून गेला होता. काकाने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो हात ऊबदार होता, आणि आम्ही निघालो. वाटेत तो एकदा थोडा कडेला सरकून चालला, दोघांमध्ये तिसऱ्याला जागा सोडावी तसा.

कमानीत धाऊ आणि मंडळी अजून उभीच होती. भटजी आतून घड्याळ दाखवत होता. प्रियांकाने सवयीने नाव टाकलं आणि मला तिला थांबवता आलं नाही. 'कुंडलिक पष्टे,' तो थंड आवाज सगळ्या गावाला म्हणाला, 'आपण आधीच आत आहात.'

सगळ्यांनी काकाकडे माना वळवल्या. काकाने स्पीकरकडे पाहिलं आणि त्याला रीतसर हात जोडले.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "आज्याला सांग, जरा सरकून बस."

आणि तो आत गेला. धाऊने क्षणभर विचार केला. गेटवरच्या इतक्या वर्षांत ही सोय त्याला कोणी सांगितली नव्हती. "सरकून बसा हो," म्हणत तोही आत शिरला, आणि त्याच्यामागून ते सगळे, प्रत्येकजण आपल्या नावाच्या माणसाला सरकून बसायला सांगत. मोकळ्या खुर्च्या भरल्या. शेवटी मी राहिलो. प्रियांकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. 'अनंता पष्टे, आपण आधीच आत आहात.' माझ्या आजोबांचं नाव अनंता होतं. मीही म्हणालो, सरकून बसा, आणि कमानीतून जाताना अंग चोरून गेलो, कोणाला धक्का लागू नये म्हणून.

काका-काकी कन्यादानाला बसले. पूजाने काकाचा हात पाहिला आणि दिवसभर धरून ठेवलेलं रडणं एकदाचं सोडलं. पंगत बसली तेव्हा रंभाआत्याने पहिली हाक कुंडलिकदादाला मारली, एवढ्या मोठ्याने की ती ओहोळापलीकडे गेली असेल. काका बसला आणि त्याने आपल्या शेजारची जागा हाताने झाडून मोकळी ठेवली. तिथे वाढू का, असं वाढप्याने विचारलं नाही. त्याने वाढलं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. नियम दुरुस्त करून मेलेले आणि जिवंत वेगळे करायचे होते, एवढंच. यादी छापली. शेवटी एक नाव होतं, जे मी घातलेलं नव्हतं. काळूराम पष्टे. मोबाइल कोरा. प्रकार कोरा, पितर नाही आणि पाहुणाही नाही. आणि पुढे, आला. 'आले' नाही. 'आला'. माझ्या प्रोग्राममध्ये 'आला' हा शब्दच नव्हता.

मी प्रियांकाला विचारलं. ती म्हणाली, मी फक्त कमानीत होते. आईने लॅपटॉपला कधी हात लावलेला नाही. आत्या भांडी मोजून गावकीच्या खोलीत ठेवत होती, ती म्हणाली, "मला मशीनीत काय टाकता येतं? मी बोलले नव्हते का, तो मागनं येईल."

शामला फोन केला. तो म्हणाला, व्हायरस. मग म्हणाला की तरी ते नाव पुसून टाक.

मी पुसायला बसलो. आणि तिथे अडलो. मी लिहिलेल्या त्या पिशवीतून एखादी वस्तू काढायची तर बोट दाखवून चालत नाही. हुबेहूब तशीच एक नवी वस्तू तयार करावी लागते, तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव, आणि ती पिशवीपुढे धरून सांगावं लागतं, अशी जी आत आहे ती बाहेर काढ. म्हणजे बाबांना काढायचं तर आधी नवा काळूराम पष्टे बनवावा लागणार. मी 'न्यू' एवढा शब्द लिहिला आणि हात तिथेच थांबला.

संध्याकाळी पूजाचा सासरहून फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, जरा हसत हसत.

"राहू दे ना, दादा," मग ती म्हणाली. "काढू नको."

"अगं, उद्या तुला मुलगा झाला, त्याला तू बाबांचं नाव ठेवलंस, आणि कधी तो माझ्या कमानीत आला, तर मशीन त्याला काय म्हणेल माहीत आहे का?"

"म्हणू दे," पूजा म्हणाली. "बाबा सरकून बसतील."